भाद्रपदात शेणी कुठे वाळतात? एका जुन्या मिरवणुकीच्या फोटोची ओळख

दोन वर्षांपूर्वी विभागाच्या सेमिनारमध्ये मी माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण मांडत होते. विषय होता छोट्या गावांतल्या गणेशोत्सवातले मेळे आणि त्यांतली सोंगं. पडद्यावर एक फोटो लावला होता. आमच्याच घरातला, आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, रस्ताभर माणसं, वाजंत्री, हातात काठ्या-तलवारी घेतलेली पोरं आणि पुढे शेपटीवाली तीन सोंगं. मागच्या बाजूला लिहिलेलं होतं: ‘गणपतीच्या मिरवणुकीत, सन १९३८. डावीकडून दुसरे दादा (मारुतीच्या सोंगात).’ दादा म्हणजे माझे आजोबा.

मी पंधरा मिनिटं छान बोलले. मग मागच्या बाकावरून एक सर उठले. स्वतः खेड्यात वाढलेले, फारसं बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, “उजवीकडच्या भिंतीवर शेणी थापल्यात. भाद्रपदात शेणी कुठे वाळतात हो?”

सगळे हसले. मीही हसले, पण पोटात खड्डा पडला. तो फोटो मी वर्षभर रोज बघत होते आणि ती भिंत मला एकदाही दिसली नव्हती. कारण फोटोत काय आहे हे मी बघितलंच नव्हतं. मी मागचं वाचलं आणि मग पुढचं त्याला जुळवून घेतलं.

तुमच्यापैकी बरेच जण आता संशोधनाला लागणार आहात. इतिहास, समाजशास्त्र, नाट्यशास्त्र, काहीही असो, कधी ना कधी असा एखादा फोटो हाताशी येणारच. म्हणून त्या प्रश्नानंतर मी काय केलं ते सांगते. पद्धत म्हणून सांगते, पण ती मला आधी माहीत नव्हती. चुकत चुकतच जमली.

आधी मागची बाजू

फोटो हातात आला की आपण पुढची बाजू बघतो. मी म्हणेन आधी उलटा करा. पण मागचं लिखाण उत्तर म्हणून वाचू नका. तो एक वेगळा कागद आहे असं समजा आणि तो कोणी, कधी, कशाने लिहिला ते बघा.

माझ्या फोटोमागचं लिखाण बॉलपेनचं होतं. १९३८ साली तालुक्याच्या गावात कोणी बॉलपेनने लिहीत नव्हतं, तेव्हा टाक नाहीतर शाईचं पेन. म्हणजे मजकूर नंतरचा. दुसरी गंमत शुद्धलेखनात. लिहिलं होतं ‘मिरवणुकीत’. जुन्या वळणाचा माणूस ‘मिरवणुकींत’ असं अनुस्वार देऊन लिहायचा. असे उच्चारात नसलेले अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी काढून टाकले. एका शब्दावरून निकाल देता येत नाही हे खरं, पुष्कळ लोक आधीही अनुस्वार गाळायचे आणि पुष्कळ जण नंतरही देत राहिले. पण बॉलपेन आणि अनुस्वार दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते.

मी थोरल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, “अगं मीच लिहिलंय ते. अल्बम लावले तेव्हा.” म्हणजे ऐंशीच्या दशकात. मी विचारलं, “पण गणपतीची मिरवणूक हे तुम्हाला आजोबांनी सांगितलं होतं का?”

“सांगायचं काय त्यात? मिरवणूक आहे, शेपूट आहे. मग दुसरं काय असणार?”

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. काकांचं लिखाण खोटं नव्हतं. त्यात चार वेगवेगळी विधानं होती: प्रसंग गणपतीचा, साल १९३८, दुसरा मुलगा म्हणजे दादा, आणि सोंग मारुतीचं. यातलं ‘दुसरा मुलगा म्हणजे दादा’ हे त्यांना आजोबांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं होतं. बाकीचे तीन त्यांचे अंदाज. एका ओळीत, एकाच शाईत लिहिल्यामुळे चारही सारखीच खात्रीची वाटत होती. म्हणून मागच्या मजकुराचे आधी तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं विचारा: हे तुला कसं कळलं?

नाव न देता वर्णन

मग मी फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन केला, दोन्ही बाजूंनी, पुठ्ठ्याच्या कडांसकट. मूळ स्कॅन एका ठिकाणी बंद करून ठेवला आणि प्रतीवर काम केलं. आधी फोटो उलटा तर छापलेला नाही ना ते तपासलं. काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं, आणि मग ‘डावीकडून दुसरा’ या शब्दांना अर्थच राहत नाही. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं सरळ होती, एका माणसाच्या सदऱ्याचा खिसाही डाव्या छातीवरच होता. तेव्हा ठीक.

त्यानंतर फोटोवर चौकटी पाडल्या, आडव्या चार, उभ्या तीन. बारा चौकटी. प्रत्येकीत काय दिसतं ते वहीत लिहिलं. नियम एकच: कशालाही नाव द्यायचं नाही. ‘मावळा’ लिहायचं नाही. ‘फेटा बांधलेला मुलगा, उजव्या हातात वक्र लाकडी पातं, पायात काही नाही’ असं लिहायचं. हे कंटाळवाणं आहे, मला दोन संध्याकाळी लागल्या. पण नाव दिलं की डोळा मिटतो, हे मला त्या दोन संध्याकाळीच कळलं. ‘मारुती’ हा शब्द बाजूला ठेवल्यावर पहिल्यांदाच दिसलं की त्या तिघांपैकी एकाच्याही हातात गदा नाही. आणि मधल्याच्या कमरेला दोरी किंवा साखळी बांधलीय, तिचं दुसरं टोक एका मोठ्या माणसाच्या हातात. मारुतीला कोण साखळी लावतं?

आणखी काय निघालं ते सांगते. डाव्या कडेला, अर्धवट कापलेलं, काहीतरी उंच होतं. कामट्यांची जाळी, वर कागद किंवा बेगड चिकटवल्यासारखं चमकणारं, खाली दोन आडवे दांडे आणि ते दांडे खांद्यावर घेतलेली माणसं. मी याला आतापर्यंत ‘गणपतीचं मखर’ म्हणत होते. पाचव्या चौकटीत एक लहान मुलगा, गुडघ्याखाली येणारा सैल झगा, डोक्याला टोपी, गळ्यात जाड दोऱ्यांची माळ, खांद्याला झोळी. याला मी प्रकरणात ‘माधुकरी मागणाऱ्या बटूचं सोंग’ म्हटलं होतं. बटूचं डोकं तुळतुळीत असतं, शेंडी असते, लंगोटी आणि हातात दंड असतो. यातलं या मुलाकडे एकही नव्हतं, झोळी सोडून. मी झोळी बघितली आणि बाकीचा बटू मनानेच तयार केला.

काळं काळं नसतं

आता शेपटीवाल्यांचं अंग. फोटोत ते गडद, जवळजवळ काळं दिसतं. शेंदूर फासलेला मारुती तरी काळा का दिसावा, हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. याचं उत्तर फिल्मच्या रसायनात आहे, आणि जुन्या फोटोतले कपडे ओळखायचे असतील तर ते माहीत असायलाच हवं.

सुरुवातीच्या फोटोच्या काचा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागायच्या. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कळलं की काचेच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं की ती हिरव्यालाही जागते. यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म आल्या. त्या लाल रंगाला मात्र आंधळ्याच राहिल्या. (म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा.) सगळे रंग पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या, पण गावोगावचे फोटोग्राफर पुढे कितीतरी वर्षं जुन्या प्रकारावरच काम करत होते. त्या स्वस्त होत्या आणि लाल उजेडात बघत बघत धुता यायच्या.

याचा परिणाम काय? अशा फोटोत लाल काळा दिसतो. कुंकू काळं, शेंदूर काळा, भगवा फेटा गडद, नारिंगी रंगही गडद. उलट फिकट निळा कापडाचा तुकडा पांढऱ्यात जमा. तेव्हा जुन्या फोटोत काळी टोपी दिसली म्हणून ती काळीच होती असं धरू नका आणि पांढरा सदरा पांढराच होता असंही नाही. झेंड्याच्या बाबतीत तर फारच सांभाळून. मिरवणुकीतला गडद झेंडा भगवा की लाल, हे अशा फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही. हिरव्याचंही तसंच, तो किती गडद उतरेल हे छटेवर आणि काचेवर अवलंबून.

आता समजा अंगाला नारिंगी रंग लावलाय आणि त्यावर काळे पट्टे ओढलेत. ऑर्थो काचेवर दोन्ही काळेच. पट्टे गायब! मी स्कॅनच्या प्रतीत फक्त त्या गडद भागाचा कॉन्ट्रास्ट ताणला. पाठीवर आणि मांड्यांवर तिरके पट्टे हळूहळू वर आले. डोक्याला दोन गोल कान शिवलेली टोपी. शेपूट मारुतीसारखी खांद्यामागून डोक्यावर वळवलेली नव्हती, मागे लोंबत होती आणि तिचं टोक मागच्या पोराने धरलं होतं.

वाघ. तीन वाघ. त्यातला डावीकडून दुसरा माझा आजोबा.

(एक सूचना. कॉन्ट्रास्ट ताणताना नसलेलं दिसायला लागतं. मी तोच बदल जवळच्या एका उघड्या अंगाच्या माणसावरही करून बघितला. त्याच्या पाठीवर पट्टे आले नाहीत. ही तुलना केल्याशिवाय असा पुरावा कोणाला दाखवू नका. आणि आजकालची फोटो ‘सुधारणारी’ ॲपं यासाठी अजिबात वापरू नका, ती स्वतःच्या मनाने चेहरे आणि कापड रंगवतात.)

कुठला पुरावा काही सांगतो आणि कुठला नुसताच बसून राहतो

वाघाचं सोंग म्हटल्यावर मला मोहरम आठवायला हवा होता. दख्खनमध्ये मोहरमच्या दहा दिवसांत नवसाने फकीर होणं, वाघ होणं ही जुनी रीत आहे. जाफर शरीफ यांचं ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक हर्क्लॉट्सने इंग्रजीत आणलं ते १८३२ मध्ये. त्यात मोहरममधल्या सोंगांची मोठी यादी आहे आणि त्यात वाघ आहेच. नागपूरकडच्या लोकांना तर हे सांगायलाच नको. आणि ही सोंगं काढणारे फक्त मुसलमान नव्हते. पुण्यातसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत हिंदू घरांतून ताबूत निघायचे. सांगली जिल्ह्यात कडेगावला आजही उंच उंच ताबुतांच्या भेटी होतात आणि त्यात हिंदू घराण्यांचा मान असतो.

माझ्या प्रकरणाचा विषयच खरं तर याला लागून होता. १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली. त्यानंतर पुण्यात हिंदूंनी मोहरमवर बहिष्कार घालावा अशी मोहीम झाली आणि १८९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. मेळ्यांची घडण, म्हणजे एकसारखा वेश केलेली मुलं, गाणी, मिरवणुकीतली सोंगं, ही बरीचशी मोहरममधल्या टोळ्यांवरून आली, असं अभ्यासक सांगतात. रिचर्ड कॅशमन यांच्या १९७५ च्या ‘द मिथ ऑफ द लोकमान्य’ या पुस्तकात याची चर्चा आहे. मी हे सगळं वाचलं होतं, टिपणं काढली होती. पण माझ्या प्रकरणातलं म्हणणं असं होतं की छोट्या गावांतही मेळे आले आणि मोहरममधला हिंदूंचा सहभाग आटला. आणि याचा ‘पुरावा’ म्हणून मी जो फोटो लावला होता, तोच बहुधा उलटं सांगत होता.

बहुधा. इथे घाई करायची नव्हती. एकदा एका दिशेने तोंडावर आपटल्यावर दुसऱ्या दिशेने पळत सुटणं सोपं असतं. तेव्हा मी चार शक्यता लिहिल्या: गणेशोत्सव, मोहरम, शिवजयंती, आणि गावची जत्रा किंवा शिमग्याची सोंगं. मग वहीतली प्रत्येक नोंद घेऊन विचारलं, ही गोष्ट चारांपैकी कशाकशात दिसू शकते?

ताशा? चारही ठिकाणी. लाठी-बनाटी, लाकडी तलवारी? आखाड्याची पोरं सगळ्याच मिरवणुकांत खेळतात. फेटे? सांगूच नका. पाण्याचा माठ ठेवलेली रस्त्याकडेची मांडणी? मोहरममध्ये पाणी-सरबत वाटतात हे खरं, पण उन्हाळ्यात पाणपोई कुठेही असते. म्हणजे फोटोतल्या ज्या गोष्टी सगळ्यात ठळक होत्या त्या निवड करायला काडीच्याही उपयोगाच्या नव्हत्या. मी प्रकरणात नेमकं त्यांचंच वर्णन दोन पानं केलं होतं.

निवड करणाऱ्या गोष्टी कडेला होत्या. कामट्यांचं, दांड्यांवर खांद्याने उचललेलं उंच बांधकाम: ताबुताशी जुळतं, शिवजयंतीशी नाही, आणि गणपतीचं मखर सहसा गाडीवर किंवा पालखीत. झगा, दोऱ्यांची माळ आणि झोळीवालं पोर: मोहरमचा फकीर. वाघ: मोहरममध्ये पक्का, पण शिमग्यातही एखाद्याने काढला तर नवल नाही. आणि शेणी, पायांखाली उडालेली धूळ, एकाही माणसाच्या हातात छत्री नाही, डोक्यावर घोंगडं नाही: गणेशोत्सव जवळजवळ बाद. शिवजयंतीला मात्र ही हवा चालते. टिळकांच्या काळापासून पुष्कळ ठिकाणी ती वैशाखात व्हायची, भर उन्हाळ्यात. म्हणजे खरा प्रतिस्पर्धी गणपती नव्हताच, शिवजयंती होती. पण पालखी नाही, तसबीर नाही, घोड्यावर कोणी नाही.

सावली आणि चंद्र

आता साल. यात मला सगळ्यात जास्त मजा आली.

रस्त्याच्या मध्यभागी एक माणूस सरळ उभी काठी घेऊन उभा आहे. तिची जमिनीवरची सावली स्वच्छ दिसते आणि ती फार आखूड आहे, काठीच्या उंचीच्या साधारण एक-षष्ठांश. फोटोतल्या कोनामुळे मापात चूक होते, म्हणून मी दोन-तीन पद्धतींनी मोजलं, उत्तर पाचव्या ते सातव्या हिश्श्याच्या मध्ये येत राहिलं. म्हणजे सूर्य डोक्यावरून नऊ-दहा अंशांच्या आत.

शून्य सावलीचा दिवस तुम्हाला माहीत असेल. आपल्याकडे मे महिन्यात दरवर्षी पेपरात येतो. दक्षिण महाराष्ट्रात तो मेच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. त्याच्या पुढेमागे काही आठवडे भर दुपारची सावली आखूडच असते. पण सतरा अंश अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सावली उंचीच्या पाऊणपटीहून जास्त असते. मार्चच्या मध्यात ती एक-तृतीयांशाच्या आसपास. एक-षष्ठांश व्हायला एप्रिलचा पहिला आठवडा उलटायला लागतो. सावली पुन्हा लांबू लागते ती सप्टेंबरात, पण जून ते सप्टेंबर हे शेणींनी आणि धुळीने आधीच काढून टाकलेत. उरले एप्रिल आणि मे. शिमगा यात बसत नाही, तोही बाद.

आणि मोहरम असेल तर? मराठी महिन्यांना अधिक महिना जोडून ऋतूंशी बांधून ठेवलेलं असतं. हिजरी वर्षाला तसं काही नाही. ते दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतं आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतं. गणपती नेहमी पावसातच येतो, त्यामुळे ऋतूवरून गणपतीचं साल कधीच कळणार नाही. मोहरमचं कळतं! ऋतू कळला की साल आवळत जातं.

जुनी पंचांगं आणि हिजरी तारखांची कोष्टकं घेऊन बसले. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तो धरून चाला. १९३८ मध्ये मोहरमचा दहावा दिवस १२ मार्चच्या सुमारास होता. तेव्हा सावली इतकी आखूड होऊच शकत नाही. म्हणजे गणपती असो की मोहरम, काकांचं १९३८ कशातच बसत नाही. १९३५ मध्ये तो १४ एप्रिलच्या सुमारास, १९३४ मध्ये २५ एप्रिलच्या, १९३३ मध्ये ६ मेच्या. १९३६ मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला, तो काठावर. त्याआधीची वर्षंही सावलीला चालतात. पण मागे दिसणारी वाचनालयाची इमारत अजून उभी आहे आणि तिच्या दगडावर शके १८५४ कोरलंय. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९), म्हणजे १९३२-३३. फोटो त्याच्या आधीचा नाही. तेहतीस वर्षं पुढची फेरी, म्हणजे साठचं दशक, धरली तर आजोबा चाळिशीचे होतात, आणि फोटोतला वाघ दहा-बारा वर्षांचा आहे.

आजोबांच्या जन्मसालाचा मी मुद्दाम फार आधार घेतला नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९२३ आहे. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालाय, गुरुजींच्या कृपेने. सालही तितपतच समजायचं.

आत्या

एवढं होईपर्यंत मी घरात कोणाला काही बोलले नव्हते, आणि ते योगायोगाने नाही. माझी आत्या घरात सगळ्यात मोठी, ऐंशी ओलांडलेली. तिला मी ‘हा मोहरम आहे ना गं?’ असं विचारलं असतं तर ती ‘असेल बाई’ म्हणाली असती आणि माझा पुरावा तिथेच वाया गेला असता. तुम्ही मुलाखत घ्याल तेव्हा हे पाळा: फोटो द्या, मागची बाजू झाका, आणि तोंड बंद ठेवा.

मी नुसतं विचारलं, “आत्या, हे काय चाललंय?”

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “दादांना वाघ केलाय.”

“कशाला?”

“पिराला बोललं होतं. आधीची दोन जगली नाहीत. आजी सांगायची. पाच वर्षं वाघ करीन म्हणून नवस होता, ताबूत उठायचा त्या दिवशी. पुढं दादांनीच बंद केलं.” आणि थोडं थांबून, “तुझ्या काकाला हे आवडत नाही. तो लहान होता तेव्हा कोणीतरी चिडवलं होतं शाळेत.”

मी प्रबंधाच्या भाषेत सांगायचं तर ही साक्ष दुसऱ्या हाताची आहे. आत्या तेव्हा जन्मलीही नव्हती, तिने आजीकडून ऐकलं. पण माझ्या सावल्यांबद्दल आणि पट्ट्यांबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं, आणि ती त्याच जागी पोचली. दोन वाटा एकमेकींना न विचारता एका दारात आल्या की मग ‘बहुधा’ जरा घट्ट होतो.

खरी अडचण त्यानंतर आली. गावच्या गणेश मंडळाला स्मरणिकेसाठी हाच फोटो हवा होता आणि मी तो आधी कबूल करून बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, मग आम्हाला दुसरा काहीतरी शोधावा लागेल. काका मात्र चार दिवस बोलले नाहीत. मग त्यांचा फोन आला: “प्रबंधात घाल, पण गावाचं आणि घराचं नाव घालू नकोस.” मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, “लिही की. नवस फेडला होता, चोरी नव्हती केली.”

दोघांचंही ऐकायचं तर काय करणार? फोटो घातला, नावं काढली. म्हणूनच या लेखातही गाव नाही. काहींना हे अपुरं वाटेल, कारण पुढच्या अभ्यासकाला माझं म्हणणं तपासायला गाव लागेल. ते मार्गदर्शकांकडे बंद पाकिटात आहे. घरातले फोटो वापरताना ही परवानगी लेखी घ्या आणि फोटोत ज्यांचे वाडवडील आहेत अशा सगळ्यांकडून घ्या, एका आवडत्या आत्याकडून नाही.

प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. आधीचं म्हणणं सरळ होतं, आता गुंता आहे: त्याच गावात मेळेही होते, त्याची वेगळी कागदपत्रं आहेत, आणि तिशीच्या दशकात एक हिंदू घर ताबुतापुढे पोराला वाघ करून नाचवतही होतं. एका फोटोवरून मी याहून जास्त काही म्हणत नाही. तालुक्यातल्या बाकी घरांचं काय, ते शोधायला आता आजूबाजूच्या गावांतल्या ट्रंका उघडाव्या लागतायत.

प्रबंधात फोटोखाली आता हे छापलंय: ‘कृष्णाकाठच्या गावातली मिरवणूक, बहुधा मोहरमची (वेश, ताबुतासारखी चौकट, ऋतू आणि कुटुंबातली आठवण यांवरून). सुमारे १९३३ ते १९३५. डावीकडून दुसरा, वाघाच्या सोंगातला मुलगा: कुटुंबाच्या मालकीच्या फोटोवरून ओळख. मागील बाजूस नंतरच्या हस्ताक्षरात “गणपतीच्या मिरवणुकीत, सन १९३८” असा मजकूर.’

काकांची ओळ मी काढली नाही. तीही त्या फोटोच्या इतिहासातच जमा आहे.